दही-फळांच्या कांड्या घरी केल्या की दगडच होतो, काय चुकतंय?

निवांत_दुपार

नमस्कार मंडळी. आधी शोधून बघितलं पण नेमकं हवं ते सापडलं नाही म्हणून नवीन धागा काढतेय, आधीच कुणी काढला असेल तर लिंक द्या आणि मला माफ करा.

तर लेक सहा वर्षांची आहे आणि तिला रोज संध्याकाळी काहीतरी गार हवं असतं. बाहेरच्या आइसक्रीमला रोज रोज हो म्हणवत नाही, म्हणून म्हटलं घरीच दही आणि फळं घालून कांड्या करू, दहीही पोटात जाईल आणि फळही. ऐकायला किती सोपं आहे ना. चार वेळा करून झालं आणि चारही वेळा तोंडावर पडले.

पहिल्यांदा दोन वाट्या दही, दहा-बारा स्ट्रॉबेरी, दोन चमचे मध, सगळं मिक्सरमधून काढून मोल्डमध्ये भरलं आणि रात्रभर ठेवलं. सकाळी इतकं कडक की ओढलं तर नुसती काडी हातात आणि कांडी आपली मोल्डमध्येच. मग ती चमच्याने खरवडून खाल्ली, खाल्ली म्हणजे मीच खाल्ली. दुसऱ्यांदा मध कमी केला (हेल्दी करायचं ना!) तर त्याहून वाईट. लेकीने पाच मिनिटं चोखून रंग सगळा ओढून घेतला आणि उरलेला पांढरा बर्फ माझ्या हातात देत म्हणाली "आई, हे संपलं." तिसऱ्यांदा कलिंगड घातलं, तो तर सरळ ठोकळा. चौथ्यांदा अननस, त्याचं विचारूच नका, चक्क कडू लागत होतं. दही खराब म्हणावं तर तेच दही आम्ही दुपारी जेवताना खाल्लं तेव्हा मस्त होतं.

मोल्ड साधे प्लास्टिकचे आहेत, सहा कांड्यांचे. आइसक्रीमचं मशीन नाही आणि घ्यायचंही नाही. साखर शक्यतो कमी हवी. आणि धाकटा दहा महिन्यांचा आहे, तो ताईच्या हातातलं सगळं ओढतो, त्यामुळे त्याला चालेल असंही काही असेल तर सांगा. काय चुकतंय माझं?

गारवा

निवांत, तुमचं दही चांगलंय, फळं चांगली आहेत, फ्रीजर बिचारा त्याचं काम करतोय. सगळा घोळ पाण्याचा आहे. साध्या दह्यात ८५ टक्क्यांच्या वर पाणी असतं, स्ट्रॉबेरीत ९० च्या आसपास, कलिंगडात त्याहून थोडं जास्तच. म्हणजे तुम्ही मोल्डमध्ये जे ओतलंत ते रंगीत पाणीच म्हणा ना, आणि पाणी गोठलं की बर्फ होणार, आपण त्याला काही का नाव देईना.

आइसक्रीम मऊ लागतं कारण त्यात साखर असते, फॅट असतं आणि मशीन ते सतत घुसळत असतं, त्यामुळे आत हवा जाते आणि बर्फाच्या कणांना मोठं व्हायला वेळच मिळत नाही. साखर फक्त गोडीसाठी नसते हे लोकांना लवकर पटत नाही. साखर विरघळलेलं पाणी शून्य अंशाला गोठत नाही, त्याच्या खाली जावं लागतं, आणि त्यातलं थोडं पाणी गोठलं की उरलेल्या पाण्यात साखर आणखी दाट होते, मग ते गोठायला आणखी खाली जावं लागतं, असं करत करत घरच्या फ्रीजरच्या उणे १८ अंशातही त्यातला थोडा भाग पाकासारखा पातळच राहतो. कांडीत दात घुसतो तो या पातळ भागामुळे. दुसऱ्या वेळी तुम्ही मध कमी केलात तेव्हा नेमका हाच भाग कमी झाला.

रंग चोखून पांढरा बर्फ उरतो त्याचंही कारण तेच. पाणी गोठताना स्वतःचा स्वच्छ बर्फ करतं आणि रंग, साखर, चव सगळं बाजूच्या पातळ भागात ढकलून देतं. कण मोठे असले की त्यांच्या मधल्या फटींतून ते सहज ओढलं जातं. लेकीने प्रयोगच करून दाखवला तुम्हाला, तिला शाबासकी द्या.

तेव्हा पाणी फ्रीजरमध्ये जायच्या आधीच काढून टाका. दही बांधा. ५०० ग्रॅम सायीसकटचं दही स्वच्छ पातळ फडक्यात घालून चाळणीत ठेवा, चाळणीखाली भांडं, वर झाकण आणि हा सगळा सरंजाम फ्रीजमध्ये. बाहेर टांगू नका, रात्रभरात आंबट होत जातं आणि गोठल्यावर तो आंबटपणा जास्तच जाणवतो. सकाळी निम्म्याच्या आसपास वजनाचा चक्का मिळेल. स्किम्ड दुधाचं दही घेऊ नका, या कामात फॅट वाचवून काही फायदा नाही, कण बारीक राहायला आणि जिभेवर मऊ लागायला तेच मदत करतं.

आता फळ. स्ट्रॉबेरी कच्ची वाटू नका. चिरून पॅनमध्ये घ्या, पाणी थेंबभरही नाही, मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटं. आधी खूप रस सुटतो, घाबरू नका, मग आटायला लागतो. चमच्याने तळाशी रेघ ओढली की ती दोन क्षण तशीच राहिली पाहिजे, लगेच भरून आली तर अजून वेळ आहे. उतरवल्यावर लिंबाचे चार थेंब, चिमूटभर मीठ. पूर्ण गार होऊ द्या, गरम गरम दह्यात घातलं तर दही फाटल्यासारखं होतं. मग चक्क्यात फेटा आणि भरा. मोल्ड काठोकाठ भरू नका, गोठताना पाणी साधारण ९ टक्के फुगतं, बोटभर जागा सोडा.

उंटावरचा

बाकी काही असो, "खाल्ली म्हणजे मीच खाल्ली" हे वाक्य फ्रेम करून प्रत्येक स्वयंपाकघरात लावायला हवं. हाहाहा. धागा वाचनखुणेत टाकलाय.

खटाटोपी

अननस कडू लागलं त्याचं उत्तर माझ्याकडे आहे कारण मी हीच चूक पाहुण्यांसमोर केली होती, एकदम बारा वाट्या करून ठेवल्या होत्या आणि सगळ्यांनी एकेक चमचा खाऊन फार गोड हसून वाट्या खाली ठेवल्या.

ताज्या अननसात ब्रोमेलिन नावाचं एन्झाइम असतं, ते प्रोटीन तोडतं. दुधातलं, दह्यातलं प्रोटीन त्याने तोडलं की त्याचे बारके तुकडे होतात आणि त्यातले काही चवीला कडू असतात. दही पण पातळ होतं. जेवताना दह्याबरोबर अननसाची फोड खाल्लीस तर काही कळत नाही कारण तेवढा वेळच मिळत नाही, पण मिक्सरमधून काढून, एकजीव करून तासन् तास ठेवलं की त्याला रान मोकळं. आणि फ्रीजरने ते मरत नाही हं, फक्त मंदावतं, कांडी गोठायला जे पाच-सहा तास लागतात त्यात त्याचं काम होऊन जातं. किवीचंही तेच, तिथे ॲक्टिनिडिन असतं, आणि पपईत पपेन, कच्चीत जास्त, पिकलेलीत कमी. जेलीत ताजं अननस घातलं की जेली बसत नाही ते पण याच्यामुळेच.

उपाय सोपा, शिजव. अननसाचे तुकडे पाचेक मिनिटं चांगले खदखदू दे, एन्झाइमचं काम संपलं. डब्यातलं अननस आधीच तापवलेलं असतं त्यामुळे ते सरळ चालतं. किवी मात्र शिजवून खायला मला तरी आवडत नाही, रंगही जातो, त्यापेक्षा पातळ चकत्या खायच्या वेळी वर ठेव.

थोडक्यात तुझ्या दह्याला उगाच नावं ठेवू नकोस.

शंकासुर

सगळ्यांची क्षमा मागून एक शंका. मध घातला की हेल्दी आणि साखर घातली की अनहेल्दी हे नक्की कुणी ठरवलं? मधात साधारण ८० टक्के साखरच असते हो, उरलेलं बहुतेक पाणी. जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ ची साखरेबद्दलची मार्गदर्शक सूचना वाचा, त्यात वरून घातलेली साखर, मध, पाक आणि फळांचा रस हे सगळं एकाच टोपलीत टाकलंय, दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा म्हणतात आणि ५ टक्क्यांच्या आत ठेवलंत तर आणखी बरं. अख्ख्या फळातली आणि दुधातली साखर त्यात धरत नाहीत. त्यामुळे "शुगर फ्री, फक्त मध घातलाय" असं कुणी म्हटलं की मला हसावं का रडावं कळत नाही.

दिवा घ्या, पण शंका खरी आहे.

गारवा

शंकासुर, मुद्दा शंभर टक्के मान्य. पण म्हणून मध काढून टाकायची गरज नाही, हिशोब करा. मोठा चमचाभर मध म्हणजे साधारण २१ ग्रॅम, त्यात साखर १७ ग्रॅम. दोन मोठे चमचे सहा कांड्यांत वाटले तर एका कांडीत सहा ग्रॅमच्या आत, छोटा दीड चमचा साखर समजा. रोज एक कांडी खाणाऱ्या मुलाला तेवढं चालू शकतं, बाकी दिवसभरात काय काय गोड खाल्लं ते बघून ठरवा.

आणि मधाचा एक फायदा आरोग्याचा नसून गोठण्याचा आहे. त्यातली बरीचशी साखर सुटी सुटी, म्हणजे फ्रुक्टोज आणि ग्लुकोज अशी असते, त्यांचे रेणू छोटे, त्यामुळे तेवढ्याच वजनाच्या साध्या साखरेपेक्षा ती गोठणबिंदू जास्त खाली ओढते. म्हणून कमी गोडात जास्त मऊपणा. मी मध वापरतो तो एवढ्यासाठीच.

अजून एक, गार पदार्थ जिभेला कमी गोड लागतो. मोल्डमध्ये भरण्याआधी चाखाल तेव्हा मिश्रण थोडं जास्तच गोड वाटलं पाहिजे, त्या वेळी बरोबर वाटलं तर गोठल्यावर आंबट लागणार.

चमचाभर

निवांत, तुझ्या दहा महिन्यांच्या पिल्लासाठी आधी हे वाच, बाकीचं नंतर. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नाही. बोटावर लावून नाही, कांडीत घालूनही नाही. मधात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात, मोठ्यांना त्याचं काही होत नाही पण बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात, बोट्युलिझम म्हणतात त्याला, आणि तो आजार फार गंभीर असतो. गोठवल्याने ते बीजाणू मरत नाहीत. म्हणजे ताईच्या मध घातलेल्या कांडीला धाकट्याने तोंड लावायचं नाही. तू म्हणतेस तो सगळं ओढतो, म्हणून जोर देऊन लिहितेय.

मी दोन्ही मुलांसाठी मध न घालता एकच करायचे, केळं. पिकलेलं केळं, सालीवर काळे ठिपके आलेलं, जे लोक फेकायला निघतात ते. चकत्या करून ताटलीत एकेक सुट्या पसरून गोठवायच्या, मग डब्यात. हवं तेव्हा मिक्सरमध्ये दोन चमचे चक्का घालून फिरवायचं. आधी त्याचा भुगा होतो, तुला वाटेल बिघडलं, थांबायचं, कडेने खाली सारायचं, परत फिरवायचं, पुन्हा भुगा, मग एका क्षणी अचानक ते मऊ होऊन पात्याभोवती गुंडाळलं जातं आणि थेट मशीनमधून काढल्यासारखं होतं. त्या क्षणी थांबायचं, जास्त फिरवलं तर पातळ होतं. केळ्यात पाणी पाऊणएक टक्केच, म्हणजे पाऊण भागच म्हणायचंय मला, आणि साखर स्वतःची बरीच, त्यात पेक्टिन (फळातला घट्टपणा आणणारा पदार्थ), त्यामुळे वरून काही लागत नाही. बाळाला अर्धा चमचा, जरा कोमट झाल्यावर. म्हणजे कोमट नाही, गारठा मेल्यावर. आणि आधी केळं आणि दही दोन्ही त्याने वेगवेगळं खाऊन झालेलं असू दे.

झोपाळू_मांजर

केळ्याला माझा विरोध नोंदवून ठेवा. काहीही घाला, ब्लूबेरी घाला, आंबा घाला, कोको घाला, शेवटी चव केळ्याचीच येते. आमच्या घरी "आज कुठल्या रंगाचं केळं" असं विचारतात.

आंबा घ्या त्यापेक्षा. घट्ट गराचा, धागे नसलेला. त्याच्यात स्ट्रॉबेरीच्या दुप्पट-तिप्पट साखर असते आणि गर मुळातच दाट, शिजवायची भानगड नाही. एक भाग चक्का, एक भाग गर, चिमूटभर मीठ, बास. माझ्या आजवरच्या सगळ्या प्रयोगांत पहिल्या फटक्यात जमलेली ही एकच गोष्ट.

चमचाभर

मांजर, अगदीच पिकलेलं घेतलंस की वास येतो तेवढा. नुसते बारीक ठिपके असताना घे आणि लिंबू पिळ, लिंबाने काळं पण पडत नाही. पण आंब्याबद्दल अनुमोदन.

पायवाट

इथे सगळे कांडीच्या मागे लागलेत म्हणून सांगतो, मी कांडी सोडली आणि सुखी झालो. मी पापुद्रे करतो. ट्रेवर बटर पेपर, त्यावर चक्का आणि थोडा मध फेटून अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा किंचित जाड पसरायचा, वर फळांचे बारीक तुकडे, भाजलेले बदाम-पिस्ते ठेचून, हलक्या हाताने दाबायचे नाहीतर तोडताना सगळे गळून पडतात. तीन-चार तासांत कडक. हाताने तोडायचं आणि लगेच डब्यात घालून परत फ्रीजरमध्ये.

पातळ असल्यामुळे दोन गोष्टी होतात. एक तर पटकन गोठतं, आणि पटकन गोठलं की बर्फाचे कण बारीक राहतात. दुसरं म्हणजे कडक असलं तरी बिस्किटासारखं कटकन तुटतं, कांडीसारखं दाताशी भांडावं लागत नाही. तोटा एकच, हातात धरून गप्पा मारत खायची ही वस्तू नाही, दोन-तीन मिनिटांत बोटं बरबटतात. लहान मुलांना वाटीत द्या.

फळ ओलं घालू नका. धुतलेली बेरी कपड्यावर पूर्ण कोरडी करून मगच, नाहीतर प्रत्येक बेरीभोवती बर्फाची टोपी बसते.

उंटावरचा

द्राक्षं कुणी म्हटलीच नाहीत अजून. धुवा, पुसा, दह्यात बुडवा, ट्रेवर ठेवा, दोन तास. संपला विषय. माझ्यासारख्या आळशी माणसाला हेच जमतं.

चमचाभर

उंट, मोठ्यांसाठी मस्त. पण लहान मुलांना अख्खं द्राक्ष, तेही गोठलेलं, देऊ नका रे. आकार नेमका घशात अडकेल असा असतो आणि गोठल्यावर ते दबतही नाही. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला उभं चिरून चार फोडी, आणि त्याही जरा मऊ पडल्यावर. मोठ्या मुलांनाही बसवून खायला द्यायचं, पळता पळता नाही.

निवांत_दुपार

अरे बापरे, किती भरभरून लिहिलंय सगळ्यांनी! मधाचं मला अर्धवट माहीत होतं, मला वाटायचं गरम केला की चालतो किंवा गार केला की चालतो, चमचाभर तुझे खूप खूप आभार. धाकट्यासाठी मधाशिवायच वेगळं करणार आणि लेकीच्या कांड्या खुर्चीवर बसून, दार लावून.

दही बांधलंय काल रात्री. दोन शंका. काडी मधोमध उभी राहत नाही, तिरकी होते, मोल्डचं झाकण हरवलंय. आणि मागच्या वेळी कांडी ओढताना तुटली त्याचं काय करू? आणि हो, तिसरी पण आहे, गोठवल्यावर दह्यातले ते चांगले जिवाणू मरतात का, मग दही घालून उपयोग काय?

खटाटोपी

काडीसाठी मोल्डवर फॉइल घट्ट ताणून लाव, मधोमध सुरीच्या टोकाने चीर पाड, त्यातून काडी घाल, सरळ उभी राहते. नाहीतर पाऊण ते एक तास आधी गोठू दे, शेवग्याच्या गरासारखं सॉरी सॉरी काय उपमा देतेय मी, गाळासारखं झालं की काडी खोच, मग पडत नाही. चक्का घट्ट असला तर लगेचही उभी राहते.

काढताना ओढायचंच नाही. कोमट पाण्यात मोल्ड दहा-पंधरा सेकंद धर, पाणी वरून आत जाणार नाही एवढंच बुडव, मग काडी धरून हलकेच हलव. कडकडीत पाणी नको, बाहेरून वितळून चिकट होतं आणि मधून तसंच.

बाय द वे, या काडीची पण गोष्ट आहे. १९०५ मध्ये अमेरिकेत फ्रँक एपर्सन नावाचा अकरा वर्षांचा मुलगा सरबताची पावडर पाण्यात ढवळत होता, पेला काडीसकट रात्रभर बाहेर थंडीत विसरला, सकाळी काडी धरून उपसला तर कांडी तयार. पेटंट मात्र १९२४ मध्ये मिळालं, तोवर तो बाप झाला होता. म्हणजे आपण विसरलो की घरचे बोलतात आणि हा विसरला तर पेटंट.

गारवा

जिवाणूंबद्दल. काही मरतात, पुष्कळसे निपचित पडून राहतात आणि पोटात गेल्यावर परत कामाला लागू शकतात. पण याची दुसरी बाजू पण लक्षात घ्या, जे चांगल्या जिवाणूंचं तेच वाईटांचं. फ्रीजर काही निर्जंतुक करत नाही. दही बिघडत आलंय, चला गोठवून टाकू, असं करू नका. ताजं दही, धुतलेली फळं, कोरडा मिक्सर. एकदा वितळून पातळ झालेली कांडी परत गोठवू नका, तब्येतीसाठीही आणि चवीसाठीही, दुसऱ्यांदा गोठताना कण हमखास मोठे होतात.

याच कारणाने दारातल्या कप्प्यात ठेवू नका, आत मागे ठेवा. आपोआप बर्फ वितळवणारे फ्रीज असतात ना, ते अधूनमधून आतला भाग किंचित गरम करतात, त्यात बारीक कण वितळतात आणि परत गोठताना मोठ्या कणांना जाऊन चिकटतात. म्हणून दुसऱ्या दिवशी रेशमी वाटणारी कांडी महिन्याने खरखरीत लागते. घट्ट झाकणाच्या डब्यात, दोन-तीन आठवड्यांत संपवा. निवांतच्या घरी तेवढी टिकणार नाही म्हणा.

पायवाट

लेकीला स्वतःला करायचं असेल तर एक खेळ आहे. छोट्या झिपच्या पिशवीत फेटलेला चक्का आणि शिजवलेलं फळ, हवा काढून घट्ट बंद, वरून दुसरी पिशवी. मोठ्या पिशवीत बर्फाचे तुकडे आणि जाडं मीठ, बर्फाच्या साधारण एक तृतीयांश. छोटी पिशवी मोठीत घालून दहा-पंधरा मिनिटं हलवत राहायचं. मिठाने बर्फ वितळायला लागतो आणि वितळताना आजूबाजूची उष्णता खेचतो, नीट जमलं तर ते मिश्रण उणे २० च्या जवळ जाऊ शकतं, म्हणजे फ्रीजरपेक्षाही गार. हातात टॉवेल किंवा जाड मोजे हवेतच, नुसत्या हाताने धरलं तर कातडीला इजा होते. आणि हलवत असल्यामुळे मशीनसारखंच होतं, कण मोठे होत नाहीत, चमच्याने खाण्याइतकं मऊ.

उघडण्याआधी छोटी पिशवी बाहेरून धुवा. हे मी एकदा विसरलो होतो. खारट दही-स्ट्रॉबेरी कुणाला हवी असल्यास संपर्क साधा.

शंकासुर

मशीन नाही म्हणताय तर काट्याचमच्याचं पण सांगा कुणीतरी. पसरट डब्यात मिश्रण ठेवायचं आणि दर अर्ध्या-पाऊण तासाने कडा खरवडून मधे आणायच्या, तीन तास. कंटाळा येतो हे आधीच सांगतो. दोन चमचे मिल्क पावडर घातली तर दुधाचे घन पदार्थ वाढतात, पाणी धरून ठेवतात, आणि वरून साखर घालावी लागत नाही. घ्या, शंकासुराने पहिल्यांदाच उत्तर दिलं.

निवांत_दुपार

रिपोर्ट.

दही ५०० ग्रॅम बांधलं होतं, सकाळी २४० भरलं. स्ट्रॉबेरी आटवली, ती रेघ राहायला माझ्या पॅनमध्ये सतरा मिनिटं लागली, कदाचित मी पॅन छोटा घेतला म्हणून. मिल्क पावडर दोन चमचे, मध दीड मोठा चमचा. फॉइलची आयडिया अफलातून. सहा तासांनी काढल्या, आधी हट्टाने तशीच ओढून पाहिली (सवय) मग कोमट पाण्यात धरली आणि सुळकन आली.

दगड नाही! पहिला घास जरा कडक, पण पाचेक मिनिटं बाहेर ठेवल्यावर दात जातो आणि आतून मलईसारखी. रंग चोखून पांढरं काही उरत नाही, शेवटपर्यंत गुलाबी. लेकीने एक पूर्ण खाल्ली, दुसरी मागितली, नाही म्हटल्यावर रुसली. मध्येच तिच्या बाबांनी "बघू कशी झालीये" म्हणत दोन संपवल्या. एक बाजू किंचित खरखरीत होती, ती दाराच्या बाजूची असावी.

धाकट्यासाठी केळं-चक्का केलं. भुगा झाल्यावर मी खरंच थांबणार होते, चमचाभरचं आठवलं म्हणून फिरवत राहिले आणि झालं की ते गुंडाळलं जाणं! त्याने पहिला चमचा तोंडात गेल्यावर असा चेहरा केला की जणू मी फसवलंय त्याला, आणि मग चमचाच सोडेना.

आता अननसावर सूड घ्यायचाय. डब्यातलं आणून ठेवलंय.

खटाटोपी

पाकातलं असेल तर पाक पूर्ण निथळून टाक, आणि मग मध घालूच नकोस, तुकड्यात मुरलेली गोडी पुरते. स्वतःच्या रसातलं असेल तर तो रस वेगळा आटवून घे. आणि तुकडे फार मोठे ठेवू नकोस, गोठल्यावर दाताला लागतात.

उंटावरचा

आणि बाबांपासून लपवून ठेव.